अजिंठा : उंबरठ्यावर थोडे थांबा

घरातील ज्येष्ठांना घेऊन अजिंठ्याला जाण्याचा बेत अनेक कुटुंबांत वर्षानुवर्षे होतो आणि पुढे ढकलला जातो. गुडघे, रक्तदाब, प्रवासाचा शीण ही कारणे पुढे येतात आणि ती खोटीही नसतात. मात्र जी कुटुंबे प्रत्यक्ष तेथे पोहोचतात, त्यांची खरी अडचण बहुधा गुडघ्यांपाशी उभी राहत नाही. ती लेण्याच्या दारात, उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर उभी राहते. तरुण मंडळी झपझप आत शिरतात, ‘ते बघा, पद्मपाणी!’ असे म्हणतात, आणि आजी-आजोबांना समोर काळोखाखेरीज काही दिसत नाही. दोन-तीन वेळा विचारल्यावर ते ‘दिसले, दिसले’ म्हणून मोकळे होतात. या ‘दिसले’मागे काय दडलेले असते, हे समजून घेण्यासाठी अजिंठ्याइतकी योग्य जागा दुसरी नाही.

वाघूरच्या वळणावर

छत्रपती संभाजीनगरहून सुमारे १०० आणि जळगावहून सुमारे ६० किलोमीटरवर, वाघूर नदीने डोंगरात घोड्याच्या नालेसारखे वळण घेतले आहे. या वळणाच्या उभ्या कड्यात अजिंठ्याची सुमारे ३० लेणी ओळीने कोरलेली आहेत. त्यांतील सर्वांत जुनी लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातील आहेत, तर बहुतेक चित्रे आणि मोठे विहार इसवी सनाच्या पाचव्या शतकातील आहेत. पुढे ही लेणी विस्मृतीत गेली. १८१९ साली शिकारीसाठी आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ती पडली. दहाव्या लेण्यातील खांबावर त्याने कोरलेले नाव आज माणसाच्या डोक्यापेक्षा बरेच उंच आहे, कारण त्या वेळी तो शतकानुशतके साचलेल्या मातीच्या ढिगावर उभा होता. १९८३ साली युनेस्कोने या लेण्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

खासगी वाहन फर्दापूरजवळच्या वाहनतळावर सोडून पुढे बसने लेण्यांच्या पायथ्याशी जावे लागते. तेथून पायऱ्यांची चढण आहे. चढवत नसेल त्यांच्यासाठी डोलीवाले असतात. डोलीत बसण्यात संकोच बाळगू नये. पायांची शक्ती पायऱ्यांवर संपवण्यापेक्षा ती लेण्यांच्या आत उभे राहण्यासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे. सोमवारी लेणी बंद असतात, हे निघण्यापूर्वी ध्यानात ठेवावे.

पहिल्या लेण्याचा ओसरीकाठ

आता पहिल्या लेण्याच्या अंगणात आपण उभे आहात, अशी कल्पना करा. डोक्यावर ऊन आहे, समोरचा खडक तापलेला आहे. पादत्राणे काढून आपण ओसरीत येता आणि मधल्या दारातून आत पाऊल टाकता. आत चित्रांच्या रक्षणासाठी मुद्दाम मंद ठेवलेले दिवे आहेत. बाहेरच्या उन्हाच्या तुलनेत हा उजेड हजारो पटींनी कमी असतो.

या क्षणी डोळ्यांत दोन वेगवेगळी कामे सुरू होतात. पहिले काम बाहुलीचे. ती काही सेकंदांत रुंदावते. दुसरे काम दृष्टिपटलाचे, आणि ते फार संथ आहे. दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. सुमारे ६० लाख शंकूपेशी उजेडात काम करतात, रंग आणि बारकावे दाखवतात. सुमारे १२ कोटी दंडपेशी मंद प्रकाशात काम करतात. त्यांना रंग कळत नाही, पण अगदी थोडका प्रकाशही त्या टिपतात. दंडपेशींतील प्रकाशग्राही द्रव्य भर उन्हात विघटित झालेले असते. अंधारात ते पुन्हा तयार व्हावे लागते आणि त्यासाठी ‘अ’ जीवनसत्त्व लागते. शंकूपेशी आठ-दहा मिनिटांत जुळवून घेतात, मात्र दंडपेशींना पूर्ण क्षमतेला येण्यास अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. निरोगी तरुण डोळ्यांनाही हा नियम चुकत नाही.

वय वाढले की या क्रियेचा प्रत्येक टप्पा मंदावतो. बाहुली पूर्वीइतकी रुंदावत नाही. डोळ्यातील भिंग दाट आणि पिवळसर होते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतील माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, असे मानले जाते. शिवाय दंडपेशींतील द्रव्य पुन्हा तयार होण्याचा वेगही घटतो. म्हणजे नातू आणि आजोबा एकाच लेण्यात, एकाच चित्रासमोर उभे असले तरी दोघांच्या डोळ्यांपुढची लेणी वेगळी असतात. नातवाला चित्र दिसू लागते, तेव्हा आजोबांच्या डोळ्यांनी अजून तयारीही पुरी केलेली नसते.

यावर उपाय सोपा आहे, पण तो वेळ मागतो. ओसरी सोडून एकदम आत शिरू नका. खांबांच्या सावलीत पाच-सात मिनिटे बसा. बाहेरील उन्हाकडे पाठ करा. पायऱ्या चढताना आणि उघड्या वाटेने चालताना टोपी आणि गडद चष्मा वापरा, म्हणजे डोळे उन्हाने दिपून जाणार नाहीत आणि आत लवकर सावरतील. दारात आल्यावर तो चष्मा मात्र आठवणीने काढा. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचांचा चष्मा असेल, तर त्या काचा पुन्हा स्वच्छ होण्यास काही मिनिटे लागतात. अशा चष्म्याने आत शिरणे म्हणजे अंधारात आणखी पडदा ओढून घेणे होय. शक्य असल्यास साध्या काचांचा चष्मा जवळ ठेवावा.

निळ्या रंगाची गोष्ट

गर्भगृहाच्या अंतराळाजवळ, आपल्या डाव्या हाताच्या भिंतीवर पद्मपाणी आहे. मान किंचित कललेली, दृष्टी खाली वळलेली आणि हातात कमळ. उजव्या बाजूस वज्रपाणी. अजिंठ्याच्या चित्रकारांनी गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि चुना हे रंग वापरले. निळ्यासाठी त्यांनी लाजवर्द हा दगड वापरला. तो आजच्या अफगाणिस्तानातून येत असे. इतक्या दुरून आणलेला हा निळा रंग ज्येष्ठांच्या डोळ्यांना मात्र सर्वांत आधी चकवतो.

त्याचे कारण कळण्यासाठी या चित्रांचाच इतिहास पाहा. १९२० च्या सुमारास हैदराबादच्या निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावून चित्रांची डागडुजी करवली. त्या वेळी चित्रांच्या रक्षणासाठी त्यांवर लाखेचे पारदर्शक लेपन देण्यात आले. कालांतराने ते पिवळे-तपकिरी पडले आणि त्याखालचे निळे-पांढरे रंग मळकट दिसू लागले. पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याने अनेक ठिकाणी ते लेपन काळजीपूर्वक काढले, तेव्हा मूळ रंग उजळले.

आपल्या डोळ्यातील भिंगाचे नेमके असेच होते. ते वर्षागणिक पिवळे होत जाते आणि निळा-जांभळा प्रकाश अडवते. गंमत अशी की हे बहुतेकांना कळत नाही. मेंदू हळूहळू होणारा बदल मान्य करतो आणि पांढऱ्याला पांढराच म्हणत राहतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर मात्र अनेकजण ‘सगळे निळे निळे दिसते’ असे आश्चर्याने सांगतात. भिंतीवरील लाख काढल्यावर अजिंठ्याचे रंग जसे उजळले, तसेच हे.

याचा घरातील औषधांशी थेट संबंध आहे. सायंकाळी पिवळ्या दिव्याखाली फिकट निळी आणि फिकट हिरवी गोळी ज्येष्ठांना सारखीच दिसू शकते. गडद निळा आणि काळा यांतील फरकही पुसट होतो. म्हणून ‘निळी गोळी रात्री, हिरवी सकाळी’ असे सांगू नका. डबीवर मोठ्या, ठळक अक्षरांत वेळ लिहा.

जे नाही ते मन भरून काढते

सतराव्या लेण्यात जातककथांची चित्रे भिंतभर पसरली आहेत. कित्येक ठिकाणी गिलावा गळून पडला आहे. एका आकृतीचा चेहरा आहे पण खांदा नाही, हत्तीची सोंड आहे पण पाठ नाही. तरीही काही क्षण पाहत राहिलात, तर तुम्हाला पूर्ण हत्तीच पाहिल्यासारखे वाटेल.

मानसशास्त्रात येथे दोन शब्द वेगळे केले जातात. डोळा, कान, त्वचा यांनी जे टिपले ते संवेदन. त्या टिपणातून मनाने जो अर्थ लावला तो अवबोध. एकोणिसाव्या शतकात हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने असे मांडले की पाहणे हे नकळत केलेले अनुमानच असते. मन पूर्वानुभवाच्या आधारे अंदाज बांधते आणि गाळलेल्या जागा भरते. प्रत्येकाच्या डोळ्यात, जेथून दृष्टीची नस बाहेर पडते तेथे, एक अंधबिंदू असतो. फ्रेंच संशोधक मारियोत याने सतराव्या शतकात तो दाखवून दिला. पण आयुष्यभर आपल्याला समोरच्या दृश्यात तेवढे भोक कधी दिसत नाही, कारण मन ते भरून टाकते.

ही भरपाई आनंददायी आहे आणि धोकादायकही. काचबिंदूत कडेची दृष्टी हळूहळू कमी होत जाते. रुग्णाला समोर काळा ठिपका दिसत नाही. मन त्या जागी आजूबाजूचे दृश्य पसरून देते. त्यामुळे बरीच दृष्टी गेल्यावर, दाराच्या चौकटीवर आपटल्यावर किंवा कडेने आलेले वाहन न दिसल्यावर शंका येते. गेलेली दृष्टी परत मिळत नाही, पण वेळीच निदान झाल्यास उरलेली राखता येते. म्हणून ‘मला नीट दिसते’ हा निर्वाळा पुरेसा मानू नका. चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब, दृष्टीची नस आणि दृष्टिपटल यांची नियमित तपासणी करून घ्या. मधुमेह असल्यास दृष्टिपटलाची तपासणी दरवर्षी हवीच.

भरपाईचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो घरच्यांना घाबरवतो. दृष्टी बरीच कमी झालेल्या काही ज्येष्ठांना नसलेली माणसे, फुलांची नक्षी, लहान मुले किंवा प्राणी स्पष्ट दिसतात. अठराव्या शतकात शार्ल बॉनेट या स्विस विद्वानाने आपल्या आजोबांना दिसणाऱ्या अशा आकृतींचे वर्णन लिहून ठेवले. आज ही अवस्था त्याच्याच नावाने ओळखली जाते. डोळ्यांकडून पुरेसे काही येत नाही, तेव्हा मेंदू स्वतःच चित्रे उभी करतो. अशा व्यक्तीला बहुधा ठाऊक असते की हे खरे नाही, पण ‘वेड लागले म्हणतील’ या भीतीने ती बोलत नाही. घरातील कोणी असे सांगितले, तर हसू नका, रागावू नका. शांतपणे ऐका आणि नेत्रतज्ज्ञांकडे न्या. आकृती खऱ्या वाटत असतील, त्या बोलत असतील किंवा गोंधळ आणि विस्मरण सोबत असेल, तर अन्य कारणांचीही तपासणी आवश्यक आहे.

दगडाचा स्पर्श, घुमणारा आवाज

अजिंठ्यात अनेक लेण्यांत अनवाणी जावे लागते. थंडीत पायाखालचा गार दगड सुखावतो. उन्हाळ्यात दोन लेण्यांमधला उघडा खडक चटका देतो, आणि तो चटका जाणवणे ही निसर्गाची देणगीच आहे. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या अनेकांच्या तळपायांची संवेदना कमी झालेली असते. त्यांना भाजल्याचे कळत नाही आणि रात्री फोड दिसल्यावर गोष्ट उघड होते. अशी फोडाची जखम चिघळू शकते. म्हणून दुपारचे ऊन टाळा, लेण्याच्या अगदी दाराशीच पादत्राणे काढा, आतसाठी तळाला घट्ट पकड असलेले मोजे न्या. साधे गुळगुळीत मोजे दगडावर घसरतात. मुक्कामी आल्यावर तळपाय, बोटांमधील जागा आणि टाचा कोणाकडून तरी पाहून घ्या.

तळपाय केवळ चटकाच सांगत नाहीत. जमीन सपाट आहे की उतरती, हे ते मेंदूला कळवतात. तोल सांभाळण्यासाठी डोळे, अंतःकर्ण आणि पाय यांचे निरोप एकत्र यावे लागतात. अंधारात डोळ्यांचा निरोप क्षीण होतो, वयामुळे पायांचा होतो, आणि अशा वेळी दोन बोटांचा उंबरठाही माणसाला पाडतो. द्विकेंद्री किंवा बहुकेंद्री चष्मा असल्यास अडचण वाढते, कारण काचेचा खालचा भाग जवळचे वाचण्यासाठी असतो आणि त्यातून पायरी धूसर दिसते. पायरी पाहताना केवळ नजर खाली न करता हनुवटी छातीकडे झुकवावी, म्हणजे काचेच्या वरच्या भागातून पायरी स्पष्ट दिसते. सोबत्याने ज्येष्ठांचा दंड धरून ओढू नये. आपला दंड त्यांना धरू द्यावा आणि अर्धे पाऊल पुढे चालावे.

चैत्यगृहात गेल्यावर कानांची परीक्षा सुरू होते. उंच गजपृष्ठाकार छताखाली प्रत्येक शब्द घुमतो. वाढत्या वयात उंच पट्टीचे ध्वनी आधी कमी ऐकू येतात. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘फ’ ही व्यंजने त्याच पट्टीतील. घुमणाऱ्या जागेत स्वरांची लांबलेली शेपटी या व्यंजनांवर पडते आणि आवाज ऐकू येऊनही शब्द कळत नाहीत. तेथे मोठ्याने ओरडल्यास घुमणेच वाढते. म्हणून कथा, इतिहास, चित्राचा विषय हे सारे बाहेर ओसरीत, समोरासमोर बसून, सावकाश सांगा. आत शांतपणे फक्त पाहा. ज्येष्ठांना याचा दुहेरी लाभ होतो. समोर काय आहे हे आधीच ठाऊक असल्याने मंद प्रकाशातही आकृती लवकर ओळखू येते. अवबोधाला पूर्वज्ञानाची मदत मिळते, ती अशी.

आणखी एक संवेदना वयाबरोबर मंदावते, ती तहानेची. शरीराला पाणी हवे असूनही घसा कोरडा वाटत नाही. ‘तहान लागली का?’ असे न विचारता ठराविक वेळाने घोट-घोट पाणी द्या. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर डॉक्टरांचा सल्ला पाळा.

सव्विसाव्या लेण्यातील बुद्ध

सर्व लेणी पाहण्याचा अट्टहास नको. पहिले, दुसरे, सोळावे, सतरावे, आणि शक्ती उरली तर सव्विसावे, एवढे पुरे. सव्विसाव्या चैत्यगृहाच्या डाव्या भिंतीवर सुमारे सात मीटर लांबीची महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे. बुद्ध उजव्या कुशीवर पहुडलेले आहेत, खाली शोकाकुल शिष्य आहेत. येथे रंगांवर काही अवलंबून नाही. दगडाचे उंचसखल भाग आणि तिरप्या उजेडाने पडलेल्या सावल्या यांतून आकार घडतो. बाजूने येणारा प्रकाश कमी दिसणाऱ्या डोळ्यांनाही आकार दाखवतो, आणि समोरून पडणारा प्रखर झोत तो सपाट करतो. म्हणून ज्यांना चित्रे नीट दिसली नाहीत, त्यांना या मूर्तीजवळ थोडा अधिक वेळ बसू द्या. कित्येकांचा अजिंठा येथेच सुरू होतो.

या वेळी सोबत्याने ‘दिसले का?’ हा प्रश्न बाजूला ठेवावा. त्याचे उत्तर भिडेपोटी ‘हो’ असेच येते. त्याऐवजी ‘तुम्हाला काय दिसते ते मला सांगा’ असे म्हणावे. मग कळते की आईला चेहरा दिसतो पण डोळे दिसत नाहीत, बाबांना डावीकडचे शिष्य दिसलेच नाहीत, किंवा मावशींना सारे तपकिरी दिसते. अशी उत्तरे डॉक्टरांना सांगण्याजोगी असतात. ती वहीत टिपून ठेवा.

घरातला उंबरठा

अजिंठा पाहून घरी परतल्यावर रात्री दोन वाजता एकदा आपल्या घरातून फिरून पाहा. अंथरुणातून उठून न्हाणीघराकडे जाणारी वाट, दिवा लावताच दिपणारे डोळे, दिवा मालवून परतताना पसरणारा काळोख, एकाच रंगाची पायरी आणि फरशी. हे सारे पहिल्या लेण्याच्या दारासारखेच आहे, फक्त येथे सोबत कोणी नसते. ज्येष्ठांची पडझड बहुधा याच वाटेवर होते. पुढील गोष्टी सहज करता येतील.

• शयनगृहापासून न्हाणीघरापर्यंत जमिनीलगत मंद, पिवळसर रात्रदिवे लावा.
• उंबरठा आणि पायरीच्या कडेवर फरशीहून वेगळ्या, ठळक रंगाची पट्टी चिकटवा. जिन्यात दोन्ही बाजूंना कठडा असू द्या.
• उठल्याबरोबर चालू नका. कडेवर बसून डोळे आणि तोल सावरू द्या.
• वाचण्यासाठी दिवा मागून किंवा बाजूने, अक्षरांवर पडेल असा ठेवा.
• अचानक दृष्टी जाणे, डोळ्यांपुढे पडदा येणे, प्रकाशाच्या ठिणग्या दिसणे, डोळा लाल होऊन तीव्र दुखणे किंवा एका कानाने अचानक ऐकू न येणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

प्रवासाला जाण्यासाठी कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस सुखाचे. पावसाळ्यात वाघूर सात कुंडांतून उड्या घेत खाली येते आणि दरी हिरवी होते, पण पायऱ्या निसरड्या असतात. कधीही गेलात तरी सकाळी लवकर पोहोचा, लेणी मोजकी निवडा आणि प्रत्येक ओसरीत बसा. तरुणांना ही दिरंगाई वाटेल. त्यांना सांगा की पाच मिनिटे थांबल्यावर त्यांच्याही डोळ्यांना आधी न दिसलेले दिसू लागेल. छतावरची फुले, खांबाच्या माथ्यावर एकाच मस्तकाची चार हरणे, पद्मपाणीच्या पापण्यांची रेघ. ज्येष्ठांच्या चालीने चालल्यास सगळ्यांनाच अजिंठा अधिक दिसतो.